दवाखान्याचा कोट

दस्तू,

तू गेल्यापासून माझी मोठी पंचाईत झालीय. मी जे बोलतो ते लोक खरं मानायला लागलेत.

आधी कसं सुखाचं होतं. मळवली स्टेशनाबाहेरच्या तुझ्या दुकानाच्या पायरीवर बसून मी सांगायचो, आज बंगल्याच्या विहिरीत बैलाएवढी धामण निघाली. तू मशीन न थांबवता, ओठातल्या टाचण्या न काढता म्हणायचास, "नाम्या बोलला की निम्मं कापायचं आन् उरल्याला कड मारायची." मग बैलाचं वासरू व्हायचं, वासराची दोरी व्हायची, आणि हातभर धामण घेऊन पायरीवरची मंडळी हसत घरी जायची. तू शिंपी होतास म्हणून मी जन्मभर बेधडक थापा मारल्या. कापणारा समोर बसलाय हे ठाऊक असलं की कापड सैल सोडायला भीती वाटत नाही.

आता परवा टपरीवर एकाला सांगितलं, "दस्तगीर मास्तरच्या मातीला एवढी माणसं लोटली की रेल्वेनं गाडी थांबवली आणि ड्रायव्हर उतरून खांदा देऊन गेला." तो बाबा डोळे पुसत म्हणाला, "व्हय, आयकलं मी." अरे, आयकलं म्हणजे? मी आत्ता जन्माला घातलेली गोष्ट तू कुठं ऐकलीस? कुणीतरी कापा की रे!

तर तुझ्यासाठी कापूनच सांगतो. गाडी थांबली, कारण ती मळवलीला थांबतेच. ड्रायव्हर उतरला नाही. माणसं मात्र खरोखर लोटली होती. निम्मी कापलीस तरी कब्रस्तानाच्या भिंतीत मावणार नाहीत एवढी.

आणि तिथं मला हसू आलं, हे तुला सांगायलाच हवं. जन्मभर लोकांना शिवून घातलंस, कॉलर बसली नाही म्हणून नवरदेवाची वरात खोळंबून ठेवलीस, आणि स्वतः निघालास तो एक टाका नसलेल्या, एक खिसा नसलेल्या पांढऱ्या कापडात. तुझा पुतण्या माझ्याकडं रागानं बघायला लागला. त्याला काय सांगू? मला तुझंच वाक्य आठवलं होतं. कुणाच्या तरी कफनाचं कापड फाडून देताना तू म्हणाला होतास, "ह्ये एकच कापड आसं हाय नाम्या, ज्यात साहेब आन् गडी सारकाच दिसतो. पण त्ये घालून दवाखान्यात जाता येत न्हाई."

दवाखान्यात जायला आपल्याकडं दुसरं कापड होतं. तो कोट. त्याच्याचबद्दल लिहायला बसलोय, कारण त्यावरनं आपलं भांडण अर्धवट सोडून तू पळालास.

आपल्या लहानपणी कोट लागत नव्हता, कारण दवाखानाच नव्हता. होता तो कामशेतला, आणि कामशेत तेव्हा अमेरिकेच्या पलीकडं होतं. माणूस पडला की घोंगडीची झोळी करायची, बांबूला बांधायची आणि खांद्यावर घेऊन पळायचं. माझ्या आज्याला असा नेला तेव्हा नदीपाशी पोचेपर्यंत आजा बरा झाला आणि खांदेकऱ्यांतला एक चक्कर येऊन पडला. मग आज्यानं उतरून त्याला झोळीत घातला आणि स्वतः खांदा दिला. हे कापू नकोस, हे खरं आहे. निम्मं. कामशेतचा डॉक्टर सगळ्यांना तीच सुई टोचायचा आणि तेच लाल पाणी पाजायचा. पण बागायतदार असो की मजूर, एकाच बाकावर बसवायचा. वाचायचे ते वाचायचे. माझ्या आईची बाळंतपणं त्याच झोळीच्या भरवशावर झाली. झाली पुष्कळ, राहिलो आम्ही तिघं. तुझ्या अम्मीचं तू कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.

मग रस्ते आले. डोंगर पोखरून मोठा हायवे आला, गाड्या आपल्या भातखाचरांच्या डोक्यावरून धावायला लागल्या. बंगले आले, त्यांच्या मागोमाग दवाखाने आले. काचेचे, आत थंडगार, बाहेर झेंडूची बाग. मी नाचत तुझ्याकडं आलो होतो, म्हटलं आता मावळात कुणी मरत नाही. तू सुईत दोरा ओवत म्हणालास, "पयला दवाखाना लांब व्हता. आता दवाखाना जवळ आला आन् दार लांब गेलं."

ते किती लांब गेलं ते गेनूतात्यामुळं कळलं. गेनूतात्या म्हणजे माझा चुलता. त्याला अंतर्गळ झाली होती, आणि ती कलिंगडाएवढी होती. बरं, संत्र्याएवढी. चालताना तो एका हातानं पोट धरायचा आणि दुसऱ्या हातानं लोकांना रामराम करायचा. एक दिवस मी त्याला हायवेकडेच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. दारावरच्या वॉचमननं विचारलं, "कुठं?"

"दवाखान्यात," तात्या म्हणाला.

"ते मागनं."

मागं गेलो तर तिथं चादरी धूत होते. तिथल्या बाईनं पुढं पाठवलं, पुढच्यानं परत मागं पाठवलं. आम्ही त्या इमारतीला एवढ्या प्रदक्षिणा घातल्या की तेवढ्या मारुतीला घातल्या असत्या, तर मारुतीनं स्वतः उठून ऑपरेशन केलं असतं.

संध्याकाळी तुझ्या पायरीवर येऊन मी हे सांगितलं. सगळे हसले. तू ओठातल्या टाचण्या काढल्यास. तू टाचण्या काढल्यास म्हणजे मामला गंभीर.

"कंची कापडं घालून गेलता?"

"जी हायेत ती."

तू उठून कपाट उघडलंस. त्यात आमच्या साहेबांचा कोट होता. मी ज्यांच्या बंगल्याची राखण करतो ते मुंबईचे साहेब, त्यांच्या मॅडमनी कपाट आवरताना मला म्हटलं होतं, "नामदेव, हा कुणाला तरी देऊन टाका." कापड असं, की माशी बसली तर घसरून पाय मोडून घेईल. त्याचं मला जाकीट करून दे म्हणून मी तो तुझ्याकडं टाकला होता आणि तू शिंप्याच्या जातीला जागून "परवा देतो" म्हणत तो तसाच टांगून ठेवला होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याला खुर्चीवर उभा करून तू त्या कोटाच्या पाठीत चिमटे घेतलेस, बाह्या आत दुमडल्यास, सगळं कच्च्या दोऱ्यानं. तात्या आरशात बघून म्हणाला, "आयला, ह्यो कोन?"

आपण तिघं निघालो. दारात तोच वॉचमन. त्यानं सलाम ठोकला. दार आपोआप उघडलं. चाकाची खुर्ची धावत आली, तात्यानं पोट सोडलं आणि दोन्ही हातांनी रामराम सुरू केला. आत एक मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, डिलक्स की सुपर डिलक्स?"

तात्याला वाटलं चहाचं विचारतेय. "जी मोटी आसंल ती."

मग तिनं आकडा सांगितला. तो ऐकून तात्याची अंतर्गळ भीतीनं आपोआप आत गेली.

मी दाराकडं बघायला लागलो. तू मात्र तात्याला शांतपणे बाथरूममध्ये नेलंस, आणि बाहेर आलात तेव्हा तात्या बंडी-धोतरात होता आणि कोट तुझ्या अंगावर होता. कोपऱ्यात दुसरी खिडकी होती. ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांसाठी काही खाटा राखून ठेवाव्या लागतात, त्यांची खिडकी. आदल्या दिवशी एवढ्या प्रदक्षिणा घातल्या, पण ती काचेच्या आत होती, आम्ही बाहेर. खिडकीतल्या बाईंनी तात्याचं पिवळं रेशनकार्ड बघितलं, मग तुझा कोट बघितला.

"तुमचं नाव?"

"दस्तगीर."

"आणि पेशंट तुमचे कोण?"

"चुलते."

"गेनू रखमाजी?" बाईंनी चष्मा काढला.

तू घड्याळ नसलेल्या मनगटाकडं बघितलंस आणि म्हणालास, "मॅडम, आमच्या मावळात असंच असतं."

कोट बोलला म्हटल्यावर शिक्का बसला. तात्याचं ऑपरेशन झालं, आणि पुढं कितीतरी वर्षं तो प्रत्येक लग्नात पोट दाखवत फिरला.

त्या दिवशी आपल्याला नियम कळला. कोट नातेवाइकानं घालायचा, पेशंटनं आपली रोजचीच कापडं. पेशंटच्या अंगावर कोट गेला की बिल येतं. कुणाच्याच अंगावर नसला की दार लागतं. मी तुला विचारलं होतं, "दस्तू, ह्ये खोटं न्हवं का?" तू म्हणालास, "दुकनं खरं, कार्ड खरं, खाट कायद्यानं ठिवल्याली. उसना हाय त्यो फक्त कोट."

मग तो कोट माझा राहिलाच नाही. माझं जाकीट गेलं खड्ड्यात. कान्हे गावापासून पाटणपर्यंत कुणालाही काही झालं की आधी तुझ्या दुकानात यायचे. तू त्या शिवणीत आतून जादा कापडाची एवढी माया सोडून ठेवली होतीस, की एका सकाळी तो काडीसारख्या शाळामास्तरच्या अंगावर बसायचा आणि दुसऱ्या सकाळी डेअरीवाल्या पैलवानाच्या. सगळं कच्च्या दोऱ्यावर. चहा उकळेपर्यंत तू उसवायचास, चहा गाळेपर्यंत शिवायचास. त्या कोटाला रस्ता एवढा पाठ झाला होता, की एकदा तो खुंटीवरून उतरून एकटाच निघाला आणि वॉचमननं त्यालाही सलाम केला. काप, काप. पण सलामाचं खरं आहे.

मला मात्र तू तो द्यायला तयार नव्हतास. एकदाच दिलास, हमीदाभाभीच्या भावाच्या, तुझ्या मेहुण्याच्या, पायाला फ्रॅक्चर झालं तेव्हा, कारण त्या दिवशी तुझ्याकडं लग्नाची कापडं होती. तू बजावलंस, "नाम्या, कोटानं कमी बोलायचं. हूं म्हनायचं आन् घड्याळ बघायचं. श्रीमंत मानूस दवाखान्यात बोलत न्हाई, त्याचं आयकत्यात." मी हूं म्हटलं की रे! फक्त समोरच्या साहेबांनी सहज विचारलं, "कुठून आलात?" तेव्हा तोंडातून निघून गेलं, की लोणावळ्याच्या तळ्याचा अलीकडचा काठ आपला, पलीकडचा भावाचा. झालं. तिकडं पाय प्लास्टरमध्ये जायच्या आत इकडं दोन माणसं मला कॉफी पाजून विचारायला लागली, नव्या इमारतीच्या देणगीदारांच्या पाटीवर नाव कसं घालू. मी म्हटलं, "गुप्तदान." आणि मागच्या दारानं पळालो. तिथं अजून चादरीच धूत होते.

तू हसून हसून मशीनवर पडलास. भाभी आतून ओरडली, "आता ह्यांना बी दवाखान्यात न्या!"

मोठ्या साथीत तेवढा कोट खुंटीवर राहिला. तेव्हा सगळ्यांच्याच अंगावर प्लास्टिकचे झगे होते आणि खाट कोटालाही मिळत नव्हती. मुंबईचे लोक येऊन बंगल्यांत राहिले, हवा खाल्ली, वाचले. आपली माणसं त्यांच्या गॅसच्या टाक्या नि भाज्या पोचवत राहिली. तू मास्क शिवून वाटलेस. कोटाच्या कापडाचा एकही शिवला नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, "त्याचं काम संपल्यालं न्हाई."

आणि इथून आपलं भांडण सुरू होतं.

आमचे साहेब आणि मी एका वयाचे. साहेब वर्षाला एकदा गाडीची सर्व्हिसिंग करावी तशी छातीची तपासणी करून घेतात. एका वर्षी त्यात काहीतरी निघालं, त्यांनी दुसऱ्या आठवड्यात हृदयात नळी बसवून घेतली, आणि आता बंगल्याच्या लॉनवर ते बॅडमिंटन खेळतात आणि फुलं मी वेचतो. मला स्टेशनापासून बंगल्यापर्यंतच्या चढाला दम लागायला लागला होता. आधी एकदा बसायचो, मग दोनदा. लोकांना सांगायचो, डोंगर वाढलाय. सरकारनं मोजलाय, दरवर्षी हातभर वाढतो.

लोक हसले. तू हसला नाहीस.

"नाम्या, तुजा साहेब उड्या मारतो आन् तू बसत बसत जातो. त्याचं काळीज काय येगळ्या गिरनीचं कापड हाय का?"

"आपलं जाडंभरडं हाय. टिकाऊ."

"जाडंभरडं बी इरतं. चल, कोट मी घालतो."

"परवा," मी म्हणायचो. तुझाच शब्द तुलाच. तू चिडायचास, आणि मला लई गंमत वाटायची.

पण परवा म्हणणारा मी एकटा नव्हतो. तुझ्या पोटात दुखत होतं आणि तू ओवा चावत होतास. आधी हिला नेऊ, मग त्याला नेऊ, मग माझं बघू. गिऱ्हाइकाला परवा सांगायची सवय तू स्वतःच्या पोटालाही लावलीस. शेवटी भाभीनं मशीनचा पट्टाच काढून लपवला, तेव्हा निघालास. मी कोट काढला. तू माझ्या हातातनं घेऊन परत खुंटीला लावलास.

"शिंप्यानं उसना कोट घ्यायचा? इज्जत हाय का न्हाई? आन् तू बी घालायचा न्हाई. आज कोट नगं."

"मंग दार?"

"बगू."

तू आपल्या पांढऱ्या पायजम्यात, डोक्यावर टोपी, आणि मी बंगल्याच्या मातीनं भरलेल्या पँटीत. काचेच्या दारापाशी माझे पाय आपोआप मागच्या बाजूला वळले. तेवढ्यात वॉचमन ओरडला, "मास्तर! तुमी? या या, पुढनं या!" पोरगा कान्ह्याचा. कंपनीनं त्याला दोन माणसं मावतील असा युनिफॉर्म दिला होता, आणि तो तू त्याच्या मापाचा करून दिला होतास. त्यानं स्वतः खुर्ची आणली, स्वतः ढकलली, कोपऱ्यातल्या खिडकीपर्यंत नेऊन सोडलं. तू मागं वळून मला डोळा मारलास. दस्तू, मी तुला पुष्कळ वेळा खूश बघितलंय. पण तेवढा खूश तू तुझ्या निकाहातही नव्हतास.

आतल्या डॉक्टरीणबाई बऱ्या होत्या. खरं बोलल्या. "थोडं लवकर यायला हवं होतं."

तू म्हणालास, "मॅडम, गिऱ्हाइकं व्हती."

परत येताना रिक्षात मी एकही थाप मारली नाही. यावरनं काय ते समज. तूच बोलत होतास. "बगितलंस? बिनकोटाचं दार उघडलं. एक दिस असा यायला पायजे नाम्या, की त्या कोटाची बाळांना दुपटी करावीत."

"वॉचमन वळखीचा व्हता म्हनून उघडलं. त्यो दिस येनार न्हाई. कोट ऱ्हानार."

"येनार."

"न्हाई येनार. तुजं दुपटं तुज्यापाशी."

"तुजं निम्मं कापलं तरी तू चुकलास," तू म्हणालास, आणि रिक्षा मळवलीच्या फाटकाला आली. ते भांडण तिथंच राहिलं. नंतर तू घरी होतास तेव्हा मी रोज यायचो, पण भांडायला जीव होत नव्हता. तुझ्यात नाही, माझ्यात.

तिसऱ्या दिवशी जियारत झाल्यावर भाभीनं माझ्या बायकोला, मंदाला, आत बोलावलं. भाभी इद्दतीत, काही महिने परक्या पुरुषासमोर येणार नाही, म्हणून मी बाहेर पायरीवर. तुझ्या पायरीवर. मंदा कोट घेऊन बाहेर आली. भाभी दाराआडून बोलली.

"नामाभाऊ, शेवटचं काम त्यांनी ह्येच केलं. म्हनले, नाम्याला जाकीट परवा देतो म्हनलेलं. लय परवा झालं."

मी कोट घातला. माझं पोट मावळात दुसऱ्या कुणाचं नाही, आणि तो कोट त्या पोटावर असा बसला, की जणू आम्ही दोघं एकाच आईच्या पोटचे. मी आत हात घालून चाचपलं. कच्चा दोरा कुठंच नव्हता. आतली सगळी माया बाहेर सोडलेली आणि त्यावर मशीनची दुहेरी, पक्की शिलाई. तू त्या कोटाला कधी पक्की शिलाई घातली नव्हतीस.

दुसऱ्याच दिवशी मी पायरीवर असताना डेअरीवाला पैलवान आला. "नामाआबा, कोट पायजे. आयचा डोळा दावायचाय." त्यानं घातला, तर पैलवानाच्या अंगावरही तो तंबूसारखा लोंबला. "उसवा की वाईच."

भाभी दाराआडून, "न्हाई उसवायचा. मास्तरचा हुकूम हाय. नामाभाऊ छाती दावून आले की मगच."

झालं. अख्खं गाव माझ्या मानेवर बसलं. ज्यांना मी बैलाएवढी धामण दिली, वाढणारा डोंगर दिला, ती माणसं सकाळ-संध्याकाळ फाटकात उभी. "आबा, जाता का कसं? लायनीत मानसं हायेत." पैलवानाची आई, जिला धड दिसत नाही, काठी टेकत येऊन म्हणाली, "नामा, तुला बगायला आले रं. दिसंना, पर तुजा दम हितनं आयकू येतोय."

मला एकच कळत नव्हतं. पेशंटनं कोट घालायचा नाही हा तुझाच नियम. मग माझ्या मापाचा कशाला? मी पायरीवरनं भाभीला विचारलं.

"मी बी त्येच इचारलं," भाभी म्हणाली. "म्हनले, नाम्याला कोट दारासाठी न्हाई. नाम्याला घरातनं भाईर काढायसाठी हाय."

शेवटी गेलो. कोट घालून स्टेशनापर्यंत उतरलो, आणि उतरतानाही बसलो. हॉस्पिटलच्या दारात कान्ह्याचा पोरगा होता. त्यानं सलाम केला नाही. जवळ येऊन माझ्या खांद्याच्या शिवणीवरनं अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मास्तरची." मग दार धरलं.

आत गेल्यावर नियम पाळायला हवा म्हणून मी कोट काढला आणि मंदाला घातला. नऊवारीवर. आत आणखी एक मंदा मावली असती. पण मंदा त्या कोपऱ्यातल्या खिडकीकडं अशी चालली, की रांगेतल्या माणसांनी वाट दिली. खिडकीतल्या बाईंनी वर बघितलं. मंदा हूं म्हणाली. एवढंच. मी जन्मभर जे करू शकलो नाही ते तिनं एका हुंकारात केलं.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. "दम कधीपासून लागतो?"

मी सरसावून बसलो. "मॅडम, आमचा डोंगर असाय, की दरवर्षी..."

"निम्मं कापा," मंदा म्हणाली.

दस्तू, तुझाच आवाज होता तो. मग मी सांगितलं. चढाला तीन ठिकाणी बसतो. झोपताना दोन उशा लागतात. डाव्या हाताला मुंग्या येतात. एकही बैल नाही, एकही धामण नाही. एवढं कापलेलं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि बाईंनी शब्दन् शब्द खरा मानला.

तपासण्या झाल्या. बाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. वेळेत आलात."

वेळेत. हा शब्द साहेबांच्या हृदयाला मिळतो, तुझ्या पोटाला मिळाला नाही, आणि मला तू शिवून दिलास. तिथं मी थोडा रडलो. निम्माच.

राखीव खाट मिळाली, नळी बसली. आता घरी आहे. चढाला एकदाच बसतो, तेही ओळखीचा दगड रागावू नये म्हणून. साहेब फोनवर म्हणाले, "नामदेव, आता आपण दोघं एकाच कंपनीचे." मी म्हटलं, "साहेब, कंपनी एक, पण शिलाई माझी भारी."

तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय, त्याआधी एवढं सांगून टाकतो.

भाभीनं कोट उसवला. तुझं मशीन आता ती चालवते. पट्टा लपवला होता तिथनं काढून तिनंच बसवला. पैलवान कोट घालून गेला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. म्हातारी आता मला लांबून ओळखते आणि म्हणते, "मला वाटलं व्हतं त्यापरीस बारीक हाईस." कोटाला रांग आहे. तू हरलास, दस्तू. कोट अजून लागतोय.

पण थांब. माझ्या पोटावर ताणून त्याचं जुनं अस्तर फाटलं होतं. भाभीनं ते काढून नवं लावलं. जुनं मशीनवर पडलं होतं. त्याच आठवड्यात कातकरवाडीतली एक पोर, जिला मी दर पावसाळ्यात खेकडे धरताना बघतो, बाळंतपणाला कान्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. वस्तीपर्यंत ॲम्ब्युलन्स आली. अंगावर होती तीच साडी, पायात चप्पल नाही. कुणी तिला मागनं ये म्हटलं नाही. जाताना एकटी होती, परत आली ती मांडीवर लेक घेऊन. दोघी खणखणीत. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, नाम्या, थापा मारू नकोस.

भाभीनं त्या अस्तराचं दुपटं केलं. वरनं साहेबांचं गुळगुळीत कापड, खालनं तिची जुनी मऊ साडी. काल मंदा ते देऊन आली. पोर म्हणाली म्हणे, एवढं मऊ कुटलं आनलं?

तेव्हा निम्मं तुझं खरं झालं. आणि उरल्या निम्म्याचं काय करायचं ते तूच शिकवलंयस. भाभीनं त्याला कड मारलीय. लाल.